मूळ छायाचित्रात अण्णा नाहीत

प्रत्येक गावाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की गाव थबकतं आणि मान वर करून आपल्या इतिहासाकडे पाहतं. आमच्या माळशेंद्र्याचा तो क्षण आला तेव्हा गाव मान वर करून फ्लेक्सकडे पाहत होतं, आणि फ्लेक्सवर अण्णा ढमढेऱ्यांचं डोकं इतिहासापेक्षा मोठं आलं होतं.

तसं इक्बालनं आधी विचारलं होतं.

“सर, डोकं कमी करू का? पायऱ्या झाकल्यात.”

इक्बाल नदाफचं ‘सितारा डिजिटल’ हे गावातलं फ्लेक्सचं एकमेव दुकान. वाढदिवस, दशक्रिया, निवड, हकालपट्टी, सगळ्याला तोच माणूस आणि बऱ्याचदा तीच पार्श्वभूमी. मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसलो होतो आणि अण्णा मागच्या खुर्चीत.

“राहू दे,” अण्णा म्हणाले. “चेहरा नसला की लोक वाचत नाहीत.”

“चेहरा असला की बारव दिसत नाही, अण्णा.”

“सर, तुम्ही कॉलेजात शिकवता. गावाचं आम्हांला कळतं.”

मी माळशेंद्र्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. बाहेरगावचा, बदली होऊन आलेला. त्यामुळे गावाचं मला कळत नाही, हे गृहीत होतं. तरी अण्णा अध्यक्ष असलेल्या ‘बारव बचाव समिती’चा सचिव मला केलं होतं, कारण अर्ज लिहायला कुणीतरी लागतं.

बारव भाजी मंडईच्या मागे होती. होती असं सगळे म्हणत. दिसायची ती बाभळीची जाळी, तिच्यात अडकलेल्या पिशव्या, आणि मधे एक खळगा, ज्यात मंडई संध्याकाळी आपला सगळा कोबी फेकत असे. या खळग्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी दगडी विहीर आहे, हे गावाला ऐकून माहीत होतं. पाहिलेली माणसं आता एक तर पुण्याला होती, नाहीतर वर. गावात उरलेला एकच माणूस तिच्यात उतरलेला होता, तो म्हणजे अण्णा. अण्णा सहा-सात वर्षांचे असताना त्यांच्या थोरल्या भावानं त्यांच्या पाठीला सुकलेला भोपळा बांधून त्यांना तिच्यात ढकललं होतं. ते पोहायला तिथेच शिकले. भाऊ पुढे लवकर गेला. अण्णा त्याबद्दल एवढंच बोलत. बाकी ते हायस्कूलमधून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत तीनदा पडले होते. त्याबद्दल मात्र भरपूर बोलत.

नगरपालिकेनं त्या जागेवर मुरूम टाकून व्यापारी संकुल बांधायचं ठरवलं होतं. नगराध्यक्ष तात्या कुंभारे यांचं ते स्वप्न होतं. तात्यांच्या मते तिथे बारव नव्हती, ‘डास उत्पत्ती स्थान’ होतं. हरकती घ्यायची मुदत होती आणि मग सुनावणी. सुनावणीत हरकत टिकली नाही तर दुसऱ्या दिवशी मुरमाचे डंपर. म्हणून फ्लेक्स.

अडचण फोटोची होती. मी माझ्या मोबाइलवर बारवेचे बरेच फोटो काढले होते. त्यांत बारव सोडून सगळं आलं होतं. त्यातल्या त्यात बऱ्या फोटोत एक डुक्कर झोपलं होतं, आणि इक्बालच्या मते फोटोत तेच उठून दिसत होतं.

“थांबा, नेटवर बगतो,” म्हणून इक्बालनं नुसतं ‘बारव’ असं टाइप केलं.

आणि पडद्यावर ती आली. संध्याकाळचं तिरपं ऊन, काळ्या दगडाच्या पायऱ्या, तळाशी हिरवं स्थिर पाणी आणि पाण्यावर वाकलेली एक रेखीव कमान. माउस जागच्या जागी थांबला. इक्बालच्या दुकानात हे सहसा होत नाही.

“आयला,” इक्बाल म्हणाला. “एवढी भारी हाय व्हय आपली?”

“आपलीच आहे का पण?” मी विचारलं.

“सर, बारवा काय गल्लोगल्ली असत्यात व्हय? कुणीतरी बाभळी नव्हत्या तवा काढला आसंल.”

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पडद्याच्या इतके जवळ गेले की इक्बालला माउस हलवता येईना. बराच वेळ पाहत राहिले.

“कमान झकास आहे,” ते म्हणाले. “लाव.”

“नेटवरचा फोटो आहे,” मी म्हणालो. “कुणाचा तरी असेल.”

“नेटवर हाय म्हणजे सगळ्यांचा, सर,” इक्बाल म्हणाला आणि त्यानं आकाश जरा निळं केलं. मग पायऱ्या दोन्ही बाजूंनी कापल्या, डाव्या कोपऱ्यात अण्णा बसवले आणि खाली ठसठशीत टाकलं: ‘छायाचित्र सौजन्य: भोपळे मंडप डेकोरेटर्स’.

“फोटो भोपळ्यांनी काढलाय?”

“न्हाई. फ्लेक्सचा खर्च त्येंचा.”

आमच्याकडे ज्याचे पैसे त्याचं सौजन्य, हा नियम इतका जुना आहे की त्यावर पुढे बोलणं असभ्य ठरलं असतं. हाच फोटो मी हरकतीच्या अर्जाच्या मुखपृष्ठावरही लावला. सौजन्यासकट.

फ्लेक्स चौकात लागला आणि परिणाम झाला. ज्या बायका रोज त्या खळग्यात कोबी फेकत होत्या, त्यांच्यातली एक फ्लेक्सखाली उभी राहून दुसरीला म्हणाली, “बघ की गं, कशावर टाकत होतो आपण.” अर्जावर सह्यांची रीघ लागली. अण्णा चौकातून दिवसातून दोनतीनदा विनाकारण जाऊ लागले.

चौथ्या दिवशी तात्यांचे भाचे, अॅडव्होकेट पाटणे, यांनी मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. फ्लेक्सवरचा आणि हरकत अर्जावरचा फोटो इंटरनेटवरून चोरलेला असून तो भोपळे मंडपचा नाही. सबब कॉपीराइटचा भंग झाला आहे. सबब फ्लेक्स उतरवावा आणि चोरीच्या मालावर आधारलेली हरकत दाखल करून घेऊ नये. अर्जाला त्यांनी मूळ फोटोच्या पानाची प्रत जोडली होती.

अण्णा ती प्रत घेऊन इक्बालच्या दुकानात आले. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

“सर, हे खरंय?”

मी वाचलं. खरं होतं.

“मग उतरवा फ्लेक्स. हरकत पण गेली म्हणा.” ते खुर्चीत बसले. “मुरूम टाकतील. खाली पाणी आहे हो अजून. मला माहिताय.”

इक्बालनं चहा सांगितला.

मी ते पान पुन्हा, यावेळी सावकाश वाचलं. पाटण्यांनी आमच्यावर उपकार केले होते. त्यांनी पानाची प्रत जोडली होती, पण पान वाचलं नव्हतं. वकिलीत आणि प्राध्यापकीत हा प्रकार सारखाच चालतो.

“अण्णा, थांबा जरा. हा फोटो खुल्या परवान्याचा आहे.”

“म्हंजे फुकट?” इक्बाल.

“फुकट, पण मोकाट नाही. काढणाऱ्यानं आधीच लिहून ठेवलंय, की कुणीही वापरा, विचारायलाही येऊ नका. फक्त अटी पाळा. पहिली, माझं नाव द्या.”

“आन् आपण भोपळ्यांचं दिलं.”

“दुसरी, हा अमुक परवाना आहे असं लिहा आणि त्याचा पत्ता द्या. तिसरी, फोटोत काही बदल केले असतील तर तसं सांगा.”

“बदल?” अण्णांनी मान वर केली.

“आपण कापलाय. आकाश निळं केलंय. आणि तुम्हांला घातलंय.”

“ते बदल होय?”

“मूळ फोटोत तुम्ही नाही आहात, अण्णा.”

अण्णांना हे मान्य करायला थोडा वेळ लागला.

“चौथी अट, त्यातून आपण जे नवं केलं, म्हणजे हा फ्लेक्स, तोही याच परवान्यानं सगळ्यांना खुला ठेवायचा. आणि काढणाऱ्याचा आपल्याला पाठिंबा आहे असं भासवायचं नाही.”

“आणि झालेली चोरी?” अण्णांनी विचारलं. ते हेडमास्तर होते. शिक्षा काय, हे कळल्याशिवाय त्यांना गुन्हा समजत नसे.

“ते पण आहे. अट मोडली की परवानगी रद्द. पण कळल्यापासून तीस दिवसांत चूक दुरुस्त केली, तर परवानगी आपोआप परत मिळते.”

“माफी मागून?”

“नुसती दुरुस्त करून.”

अण्णा माझ्याकडे संशयानं बघत राहिले. इतका समजूतदार कायदा त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

“मग नाव टाकू,” इक्बाल सरसावला. “बोला सर, काय नाव?”

मी पान पुन्हा पाहिलं. फोटो काढणाऱ्यानं आपलं नाव जसं दिलं असेल तसंच छापायचं असतं. त्यात आपण शहाणपणा करायचा नसतो.

“उपाशी बोका.”

इक्बालचे हात कीबोर्डवरच थांबले.

“सर, चेष्टा नको. टेन्शनमदी हाय आपण.”

“चेष्टा नाही. त्यानं हेच नाव घेतलंय.”

“श्री. लावू?”

“नको.”

“माझ्या फोटोखाली बोका?” अण्णा म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

“अण्णा, बोका की मुरूम?”

अण्णांनी डोळे मिटून हातानंच ‘टाक’ अशी खूण केली. मग डोळे उघडले.

“आणि ते बदलाचं मोठ्या अक्षरांत टाका. ठळक. अगदी बारवेखालीच.”

“एवढं ठळक गरजेचं नाही, अण्णा. वाचता आलं म्हणजे झालं.”

“टाका म्हणतो ना मी. कुणी उद्या म्हणायला नको, सांगितलं नव्हतं म्हणून.”

तेव्हा मला वाटलं, मास्तर माणूस, एकदा नियम पटला की पुरता पाळणार.

मी त्या पानावरून बोक्याला निरोपही पाठवला. तशी गरज नव्हती, पण चोरी पकडली गेल्यावर माणूस जरा जास्तच सभ्य होतो. आमच्या गावची बारव वाचवायला तुमचं छायाचित्र वापरतो आहोत, आधी चुकून दुसऱ्याचं नाव पडलं होतं, ते दुरुस्त केलं आहे, असं लिहिलं. लगेच उत्तर आलं: ‘बारवेसाठी वापरताय, आनंद आहे. चुकून कुणाचं नाव पडलं?’ मी लिहिलं, मंडपवाल्याचं. त्यावर हसण्याची बरीच चित्रं आली.

सुनावणीला नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. मुख्याधिकारी नव्यानं आलेल्या, तरुण बाई होत्या. पाटणे वकील कॉपीराइटवर इतकं सुंदर बोलले की माझ्या शेजारी बसलेल्या भोपळ्यांना घाम फुटला. “मॅडम, कलावंताच्या घामाची ही चोरी आहे,” ते म्हणाले.

अर्जाचं मुखपृष्ठ दुरुस्त करून दिलंच होतं; आता मी नवा फ्लेक्स उलगडला. इक्बालनं एक टोक धरलं, मी दुसरं. बाई पुढे वाकून मोठ्यानं वाचू लागल्या.

“‘छायाचित्र: उपाशी बोका.’” त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. पुढे गेल्या. “‘परवाना: क्रिएटिव्ह कॉमन्स, नाव देऊन व याच अटींवर वाटण्यास खुले; परवान्याचा पत्ता खाली. मूळ छायाचित्रात बदल केले आहेत. बाजू कापल्या आहेत. आकाश अधिक निळे केले आहे. डाव्या कोपऱ्यात श्री. ढमढेरे वाढवले आहेत. छायाचित्रकाराचा या समितीस पाठिंबा आहे, असे समजू नये.’”

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाशी बराच वेळ धरून ठेवला.

“वकीलसाहेब,” त्या म्हणाल्या, “तुम्हीच जोडलेल्या पानावर या अटी आहेत. यांनी त्या पाळलेल्या दिसतात. चोरी कुठली?”

“पण मॅडम, म्हणजे काय, हा फोटो कुणीही वापरावा?”

“कुणीही,” मी म्हणालो. “आमचा फ्लेक्ससुद्धा. तो आता कुणीही घ्यावा, बदलावा, छापावा. अटी पाळून.”

इतका वेळ तात्या कुंभारे खुर्चीत रेलून मोबाइल बघत होते. ते ताठ झाले.

“कुणीही म्हणजे, आम्ही पण?”

“तुम्ही पण, तात्या.”

“विचारायला नको?”

“नको.”

तात्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. मग सभागृहात बसलेल्या मंडईतल्या बायकांकडे पाहिलं. त्या फ्लेक्सकडे बघत होत्या. निवडणूक दिवाळीनंतर होती. तात्या तीनदा निवडून आले होते, ते काही उगाच नाही.

हरकत दाखल झाली. निर्णय पुढच्या सभेवर गेला. आणि दोन दिवसांनी चौकाच्या दुसऱ्या बाजूला दुसरा फ्लेक्स झळकला. तीच बारव, तीच कमान, तेच इक्बालनं निळं केलेलं आकाश. डाव्या कोपऱ्यात हात जोडलेले तात्या. वर मथळा: ‘ऐतिहासिक बारवेचे पुनरुज्जीवन, तात्यांचा ध्यास!’

अण्णा तरातरा दुकानात आले. मी तिथेच होतो.

“इक्बाल! तू छापलास?”

“गावात दुसरं दुकान हाय का, अण्णा? आन् अटी पाळल्यात समद्या. सरांनीच शिकिवलं. खाली वाचा की.”

खाली लिहिलं होतं: ‘मूळ छायाचित्र: उपाशी बोका. त्यावर आधारित फ्लेक्स: बारव बचाव समिती, अध्यक्ष श्री. ढमढेरे. परवाना: तोच, पत्त्यासह. बदल: श्री. ढमढेरे काढून श्री. कुंभारे घातले आहेत.’

“तात्या कसा तयार झाला यावर?” अण्णा पुटपुटले. “त्याच्या फ्लेक्सवर माझं नाव?”

“न्हाई म्हणत हुते. मी म्हणलं, मग चोरी हुती. भाच्याला इचारलं त्येंनी. भाचा म्हणला, छापा.”

अण्णा रागवायच्या तयारीनं आले होते. ते खुर्चीत बसले आणि हसायला लागले. इतके हसले की इक्बालनं पाणी आणून दिलं.

“अहो सर,” ते डोळे पुसत म्हणाले, “आता दोघांच्याही फ्लेक्सवर बारव आहे. मुरूम टाकणार कोण?”

कुणीच टाकला नाही. पुढच्या सभेत संकुल जुन्या कत्तलखान्याच्या जागी हलवायचा ठराव एकमतानं झाला आणि बारव उकरायचं काम निघालं. त्याचं श्रेय कुणाचं यावर दोन्ही बाजूंनी आणखी फ्लेक्स लावले. इक्बालनं त्या हंगामात नवं मशीन घेतलं. बाभळी निघाल्या, कोबीचे थर निघाले, गाळ निघाला, कॉलेजची पोरं श्रमदानाला आली. शेवटच्या टप्प्यात आत दगड ढासळत होते म्हणून पत्रे लावून सगळं झाकलं आणि फक्त गवंडी आत सोडले. गाव उत्सुकतेनं वाट पाहत राहिलं.

लोकार्पणाला प्रमुख पाहुणे कोण, यावर तात्या आणि अण्णा यांचं एकमत होणं शक्यच नव्हतं. दोघांना चालेल असं एकच नाव निघालं, कारण ते दोघांच्याही फ्लेक्सवर होतं. मी निरोप पाठवला. बोका येतो म्हणाला.

बोका एसटीनं आला. तो म्हणजे चाळिशीतल्या बाई निघाल्या. मंजिरी लोमटे, लातूरला दातांचा दवाखाना. गळ्यात कॅमेरा, पायात बूट.

“दवाखान्यामुळे दुपारचं जेवण नेहमी चुकतं,” त्यांनी नावाचा खुलासा केला. “नवरा बोका म्हणतो.”

कार्यक्रमाला अवकाश होता. मी त्यांना पत्र्याच्या फटीतून आत नेलं. अण्णा आधीच तिथे होते, वरच्या पायरीवर एकटे बसलेले. मीही बारव प्रथमच पाहत होतो. लहानशी, चौकोनी. साध्या काळ्या दगडांच्या पायऱ्या, एका कोपऱ्यात कोनाडा, तळाशी हातभर स्वच्छ पाणी. एक बेडूक. सुंदर होती. पण काहीतरी चुकतंय असं मला वाटत राहिलं.

मंजिरीबाई कॅमेरा डोळ्याला लावून सगळीकडे फिरल्या. मग माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “सर, एक विचारू? मी या गावात पहिल्यांदाच येतेय.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझ्या फोटोतली बारव आमच्याकडची. मराठवाड्यातली. पानावर मी गावाचं नाव लिहिलं नव्हतं. तुम्ही बारवेसाठी म्हणालात, मला वाटलं, चित्र म्हणून वापरताय.”

मी कमान शोधली. कमान नव्हती. कधी असल्याची खूणही नव्हती. पत्र्यापलीकडे दोन्ही फ्लेक्सवर तीच कमान उन्हात झळकत होती आणि तिच्यासमोर गाव जमलं होतं. मी अण्णांकडे वळलो.

“अण्णा, आपल्या बारवेला...”

“कमान नाही,” अण्णा पाण्याकडे बघतच म्हणाले. “नव्हतीच. दादानं मला त्या तिथून ढकललं, त्या कोनाड्यावरून.”

“तुम्हांला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“पोहलोय हो मी हिच्यात.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमच्या फोटोत डुक्कर होतं, सर. डुकराला वाचवायला कोण आलं असतं?” ते उठले, धोतर झटकलं. “आणि मी काही लपवलं नाही. मूळ छायाचित्रात बदल केले आहेत, हे ठळक छापायला लावलं होतं.”

पत्रे निघाले. गाव पुढे सरकलं, खाली पाहिलं, मग फ्लेक्सकडे पाहिलं, मग पुन्हा खाली. मंडईतल्या त्याच बाईंनी विचारलं, “कमान कुठाय ओ?”

सगळे तात्यांकडे वळले. तात्यांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी तात्यांकडे. त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच कशावर तरी न बोलता एकमत झालं. तात्यांनी माइक घेतला, फ्लेक्सच्या तळाकडे बोट केलं आणि धीरगंभीर आवाजात म्हणाले, “भगिनींनो, खाली वाचावं. बदल केलेले आहेत.”

तेवढ्यात कुणाचं तरी पोर चड्डीवर धावत गेलं आणि कोनाड्यावरून धपकन पाण्यात पडलं. पाणी त्याच्या कमरेइतकंच होतं. आई ओरडली, लोक हसले, आणि कमानीचा विषय संपला तो संपलाच. अण्णा मात्र तिथेच उभे राहिले, कोनाड्याकडे बघत, आणि पोराला बाहेर काढल्यावर त्याला म्हणाले, “उद्या ये. भोपळा घेऊन ये.”

मंजिरीबाईंनी त्या दिवशी आमच्या बारवेचे फोटो काढले आणि त्याच परवान्यानं, त्याच नावानं नेटवर टाकले. त्यांतला एक गेल्या वर्षी मला चार तालुके पलीकडे एका चौकात फ्लेक्सवर दिसला: आमचा कोनाडा, आमचं पाणी, वर ‘आपली बारव, आपला अभिमान’, आणि खाली नाव, परवाना, बदल, सगळं नियमानुसार.

त्या गावात बारव नाही. बोअर आहे.